पॅपिलॉनची दुसरी उडी

मंडळी, वाद सुरू झाला तो रिमोटवरून. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होती. सौ. मैत्रिणींबरोबर सेलच्या रांगेत उभी, बाहेर ओहायोची नेहमीची करडी थंडी, आणि बेसमेंटमध्ये मी व आमचे सोळा वर्षांचे चिरंजीव. 'आज सिनेमा तू निवड' असे मीच उदारपणे म्हणालो होतो. त्याने पडद्यावर नाव आणले, 'पॅपिलॉन'. मी अक्षरशः उडालो. या मुलाला हे नाव कुठून कळले? आपले संस्कार म्हणतात ते हेच, अशा आनंदात पॉपकॉर्न घेऊन बसलो, तर पडद्यावर भलताच कोणी दाढीवाला तरुण.

"अरे, हा नव्हे. खरा लाव, खरा!"

"खरा म्हणजे?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "स्टीव्ह मॅक्वीनचा. १९७३ चा. हा रिमेक आहे." तो म्हणाला, "बाबा, मी तुझा पाहिलाच नाहीये. मग माझ्यासाठी हाच खरा नाही का?"

त्या प्रश्नाला मी तेव्हा 'गप्प बस' हे उत्तर दिले. पण प्रश्न काही गप्प बसेना. नवा चित्रपट जुन्याच्या तोडीचा आहे का, हे ठरवायला बसलो आणि बोलता बोलता गाडी भलतीकडेच गेली. ती कुठे गेली ते सांगण्यासाठी हा लेख.

माझा पॅपिलॉन मराठी बोलतो. रवींद्र गुर्जर यांनी केलेला अनुवाद आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी वाचला असेल. सांगलीला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात त्याची एक प्रत फिरत असे. मुखपृष्ठ केव्हाच गेलेले, पानांवर चहाचे डाग, आणि पुस्तकासाठी नंबर लागलेले. माझा नंबर आला तो नेमका परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत. दोन रात्री जागून वाचले आणि एका विषयात जेमतेम पास झालो. तुरुंगवासातली उडी म्हटले की तोवर आम्हाला एकच माहीत होती, सावरकरांची १९१० सालची मार्सेची. ती शाळेत शिकवलेली. ही दुसरी उडी आम्ही चोरून वाचलेली, म्हणून जास्तच आमची वाटे. पुढे २००१ साली मी एम. एस. करायला इकडे आलो. पहिल्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात कानाला हेडफोन लावून मॅक्वीनचा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. पाहून रूममेटला काय म्हणालो ते मला लख्ख आठवते. 'ठीक आहे, पण पुस्तकाची मजा नाही.'

म्हणजे ज्या चित्रपटाला आज मी 'खरा' म्हणत होतो, तोच मला पंचविशीच्या आत नक्कल वाटला होता! हे चिरंजीवांना सांगितले नाही. मापाचा काटा आपल्या हातात असावा असे बापांना वाटतेच.

शेवटी तह झाला. शुक्रवारी त्याचा, शनिवारी माझा.

ज्यांनी यातले काही पाहिले-वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आंरी शारिएर हा पॅरिसच्या गुन्हेगारी वस्तीतला माणूस. छातीवर फुलपाखरू गोंदलेले, म्हणून टोपणनाव पॅपिलॉन. १९३१ साली एका खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. खून आपण केला नाही असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. १९३३ मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानात पाठवले. आपल्याला अंदमान माहीत आहे, त्यामुळे ही कल्पना नवी नाही. नको असलेली माणसे समुद्रापार नेऊन टाकायची. गियानात एक नियम मात्र खास होता. शिक्षा आठ वर्षांहून कमी असेल, तर ती भोगून झाल्यावर तेवढीच वर्षे आणखी तिथेच राहायचे. आठ किंवा जास्त असेल, तर जन्मभर तिथेच. म्हणजे कैदी सुटायचा, पण घरी जाता यायचे नाही. १८५२ पासून सुमारे शंभर वर्षे हे चालले. शेवटचे कैदी १९५३ साली बाहेर पडले. शारिएर पळत राहिला, पकडला जात राहिला, एकांतवास भोगत राहिला आणि शेवटी व्हेनेझुएलात स्थायिक झाला. १९६९ साली त्याने पुस्तक लिहिले आणि ते जगभर गेले.

पहिला चित्रपट फ्रँकलिन शॅफनर यांचा, १९७३ च्या डिसेंबरातला. शारिएर त्याआधी पाचच महिने वारला होता. मॅक्वीन झाला पॅपिलॉन आणि डस्टिन हॉफमन झाला त्याचा मित्र डेगा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा, बनावट रोख्यांतला वाकबगार. पटकथेवर नाव होते डाल्टन ट्रम्बो यांचे. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट-शोध चालू असताना ज्यांनी संसदेच्या समितीपुढे उत्तरे द्यायला नकार दिला, त्यांतले हे एक. त्यापायी १९५० साली त्यांनी तुरुंग भोगला होता. कोठडीचे दार बंद होतानाचा आवाज त्यांना ऐकून माहीत नव्हता, स्वतःच्या पाठीमागे ऐकलेला होता. नवा चित्रपट मायकेल नोअर या डॅनिश दिग्दर्शकाचा. २०१७ साली तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथल्या थिएटरांत आला. चार्ली हनम पॅपिलॉन, रामी मालेक डेगा.

आता मुद्द्याचे. नवा चित्रपट वाईट नाही. मी नाक मुरडायच्या तयारीनेच बसलो होतो, तरी अर्ध्या तासात पाय सोफ्यावर घेऊन बघू लागलो. कैद्यांची गर्दी, घाम, मारामाऱ्या सगळे अंगावर येते. दोघांची मैत्री तर मला जुन्यापेक्षाही नीट उलगडलेली वाटली. सुरुवातीला तो निव्वळ सौदा असतो. डेगाकडे लपवलेले पैसे आहेत, पॅपिलॉनकडे मनगटात ताकद आहे. एकाने पैसे द्यायचे, दुसऱ्याने जीव वाचवायचा. हा सौदा कधी संपतो आणि मैत्री कधी सुरू होते, ते मालेकच्या डोळ्यांत दिसते.

पण दुसऱ्या दिवशी जुना लावला आणि फरक कळला. नव्यात माणसे पळतात, जुन्यात वेळ जातो. जुना चित्रपट अडीच तासांचा आहे, आणि त्यातला कितीतरी वेळ एक माणूस एका कोठडीत नुसता आहे. बोलायची बंदी. डेगा बाहेरून चोरून नारळ पाठवतो, ते पकडले जाते. पाठवणाऱ्याचे नाव सांग, असे अधिकारी म्हणतात. तो सांगत नाही. मग जेवण निम्मे आणि उजेड बंद. तो झुरळे पकडून खातो. भुकेने पार खंगल्यावर एकदा नाव सांगायच्या काठावर येतो, आणि तरीही सांगत नाही. पुढे दुसऱ्यांदा पकडला गेल्यावर पाच वर्षांचा एकांतवास होतो, तो दिग्दर्शकाने दाखवलेलाच नाही. कोठडीत काळ्या केसांचा माणूस जातो आणि पांढऱ्या केसांचा, पाय ओढत चालणारा माणूस बाहेर येतो. चिरंजीव 'स्लो आहे, स्लो आहे' म्हणून फोनशी चाळा करत होते. त्या जागी फोन खाली ठेवला गेला, हे मी पाहिले.

आणि जुन्यात एक स्वप्न आहे. कोठडीत पॅपिलॉनला दिसते की तो वाळवंटात न्यायाधीशासमोर उभा आहे. तो म्हणतो, मी तो खून केलेला नाही. न्यायाधीश म्हणतो, ठीक, पण तुझ्यावरचा आरोप वेगळाच आहे. तू आयुष्य वाया घालवलेस. यावर पॅपिलॉन वाद घालत नाही. मान खाली घालून गुन्हा कबूल करतो. नव्या चित्रपटात एकांतवास आहे, भास आहेत, पण हा खटला नाही. नवा पॅपिलॉन निर्दोष आहे आणि त्याच्यावर अन्याय झाला आहे, एवढ्यावर त्याचे काम भागते. शेवटी तो १९६९ साली हस्तलिखित घेऊन पॅरिसच्या प्रकाशकाकडे येतो, म्हणजे त्याची बाजू जगापुढे मांडली जाते. समाधान होते. जुना मात्र आपल्याला समाधान देऊन घरी पाठवत नाही. खून केला नसेल रे बाबा, पण मिळालेल्या आयुष्याचे काय केलेस, हा प्रश्न तो प्रेक्षकाच्याच गळ्यात अडकवतो.

मी हे सारे चिरंजीवांना समजावून सांगितले. 'पाहिलेस? म्हणून म्हणतो, जुने ते जुने.' पण आमचे रत्न वादविवाद स्पर्धेत भाग घेणारे. फोनवर दोन मिनिटे शोधून त्याने बॉम्ब टाकला.

"बाबा, तुझा ओरिजिनल पण ओरिजिनल नाहीये. त्या माणसाने दुसऱ्यांच्या स्टोऱ्या स्वतःच्या म्हणून लिहिल्या."

हे मला अर्धवट माहीत होते, पण कबूल करायचे नव्हते. पुस्तक आल्यावर वर्षभरातच, १९७० मध्ये, फ्रान्समध्ये त्याची चिरफाड करणारे पुस्तक निघाले होते. इतर कैद्यांवर गुदरलेले प्रसंग शारिएरने आपल्या नावावर घेतले, असे अभ्यासक म्हणतात. ज्या सैतान बेटावरून नारळांच्या पोत्यावर बसून त्याने समुद्रात उडी घेतली, त्या बेटावर तो कधी कैदेत नव्हताच, असेही म्हणतात. २००५ साली शार्ल ब्रुनिए नावाचा, शंभरी ओलांडलेला एक जुना कैदी पुढे आला आणि म्हणाला, खरा पॅपिलॉन मी.

झाले! म्हणजे अनेक कैद्यांच्या आयुष्यांची नक्कल ते पुस्तक, त्या पुस्तकाची नक्कल मॅक्वीनचा चित्रपट, त्याची नक्कल हनमचा. आणि या रांगेत बाजूला उभा माझा चहाचे डाग पडलेला मराठी पॅपिलॉन, जो माझ्यालेखी सगळ्यांचा बाप. आपण ज्याला 'मूळ' म्हणतो ते बऱ्याचदा आपल्याला पहिल्यांदा भेटलेले असते, एवढेच. प्रेमात पडायला तेवढे पुरते. पण न्याय करायला पुरते का? मला तरी आता पुरत नाही असे वाटते. एखादी नक्कल अस्सलासारखी दिसते की नाही, हे माप लावले तर प्रत्येक नक्कल हरणार, कारण आपली पहिली आठवण कधी म्हातारी होत नाही. मग माप कोणते लावायचे? मला सुचले ते असे. जुन्याने एक प्रश्न विचारला होता. नव्याने तो स्वतःच्या जिवावर पुन्हा विचारला का? की प्रश्न गाळून नुसत्या उड्या घेतल्या?

या मापाने नवा पॅपिलॉन मला उणा वाटतो. मालेकच्या डोळ्यांसकट उणा वाटतो. इथवर माझा निकाल तयार होता आणि मी तो सुनावून वर झोपायला जाणार होतो. पण चिरंजीवांनी त्याच प्रश्नाचे टोक माझ्याकडे वळवले.

शेवटचा प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहे. कड्याच्या टोकाशी दोघे म्हातारे मित्र. नारळ भरलेली पोती तयार. पॅपिलॉन उडी घेणार. डेगा शेवटच्या क्षणी म्हणतो, मी येत नाही. मिठी मारतात. एक समुद्रात, एक काठावर. जुन्या चित्रपटात बेटावर डेगाची छोटीशी झोपडी आहे, त्याने भाज्या लावल्यात, डुकरे पाळलीत. तो आपल्या वाफ्यांकडे परत जातो.

"बाबा, तू यातला कोण?" त्याने विचारले. "तू तर टोमॅटो लावतोस."

मी हसलो. आमच्या बॅकयार्डातले टोमॅटो आणि मेथी मंडळात प्रसिद्ध आहेत. पण हसू फार टिकले नाही. आजवर मी स्वतःला पॅपिलॉनच समजत आलो होतो. माणदेशाच्या कडेच्या एका गावातून दोन सुटकेस घेऊन निघालेला मुलगा, अटलांटिक ओलांडून आलेला. उडी नाही तर काय? मात्र उडी घेतल्यानंतरची वर्षे मोजली तर चित्र वेगळे दिसते. २०१० साली ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहिलो, कार्ड हातात आले २०२१ साली. त्या अकरा वर्षांत नोकरी बदलायची तर कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ज्या कामात मन नव्हते ते करत राहिलो. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही. कंपनीने मला डांबून ठेवले नव्हते, दार उघडेच होते. मीच दर वर्षी 'आता थोडेच राहिले' म्हणत वाफ्यांना पाणी घालत होतो. आणि कार्ड आल्यावर? मंडळी, कार्ड येऊन चार वर्षे झाली. मी त्याच कामावर आहे. वाळवंटातला तो न्यायाधीश मला काय म्हणेल?

हे मुलाला सांगायला जीभ रेटली नाही. मी म्हणालो, "डेगा भित्रा आहे. मी नाही." तो म्हणाला, "आप्पाआजोबा पण राहिले ना तिकडेच. ते पण भित्रे?"

इथे मला थोडे मागे जावे लागेल. २०१९ च्या उन्हाळ्यात आप्पा आमच्याकडे आले होते. आई जाऊन चार वर्षे झाली होती. घर बंद करून कायमचे नाही तरी निदान सहा महिने राहा, मग पुढचे बघू, असा आमचा बेत. इकडे आलेल्या पाहुण्यांना कोलंबसकर काय काय दाखवतात ते सर्वांना माहीत आहे. सगळी स्थळे संपल्यावर मी त्यांना तासाभराच्या अंतरावरच्या मॅन्सफिल्डला नेले. 'शॉशँक रिडेम्प्शन' हा १९९४ चा चित्रपट तिथल्या जुन्या तुरुंगात चित्रित झाला. ही इमारत १८९६ साली वापरात आली, त्याच साली अंदमानात सेल्युलर जेलच्या बांधकामाला सुरुवात झाली होती. १९९० च्या शेवटी तुरुंग बंद पडला. आता तिकीट काढून बघता येतो. एकावर एक सहा मजले लोखंडी कोठड्या. लोक आत जाऊन गज धरून फोटो काढतात. आम्हीही काढले.

आप्पा मात्र एका कोठडीत जाऊन खाटेच्या सांगाड्याजवळ बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्या स्वतंत्रपूरला भिंत नव्हती." गाडीत बसल्यावर मग त्यांनी सांगितले. आप्पांची निम्मी मास्तरकी आटपाडी तालुक्यात झाली. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवला. त्याच काळात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे एक गांधीवादी इंजिनिअर यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, तीच स्वतंत्रपूर. शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करतात, बायकामुलांसह राहू शकतात. कोट नाही, काटेरी तारा नाहीत. आप्पा सांगत होते, "बाजारात त्यांच्याकडून वांगी घ्यायचो. हा खुनी आहे हे माहीत असायचं. तो पळून का जात नाही, असं पोरं विचारायची. मी म्हणायचो, त्यालाच विचारा."

याच प्रयोगावरून माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांना कथा सुचली, असे सांगतात. त्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, १९५८ साली बर्लिनला त्याचा गौरव झाला. एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर जातो आणि तिथे कुलूप लावत नाही. एकदा ते पळतातसुद्धा, पण जेलरचे डोळे त्यांची पाठ सोडत नाहीत, आणि परत येतात. आता विचार केला की गंमत वाटते. हॉलिवूडच्या तुरुंगपटांत भिंत कशी ओलांडायची हा प्रश्न असतो. आपल्या माणसांनी काढलेल्या तुरुंगपटात भिंतच नाही. प्रश्न असा की, जाता येत असताना माणूस का थांबतो? या चित्रपटाचीही नक्कल झाली बरे का. १९७५ साली तमिळमध्ये एम. जी. रामचंद्रन जेलर झाले. प्रश्न चांगला असला की तो वेगवेगळ्या भाषांत पुन्हा विचारावासा वाटतो.

त्या सहलीनंतर आठच दिवसांनी आप्पा म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. मी जातो." दोनच महिने झाले होते. मी दुखावलो, आणि दुखावलेला माणूस बोलतो ते बोललो. "तुम्हाला त्या गावाची सवय लागलीय. बाहेर पडायची भीती वाटते तुम्हाला." आप्पा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले. विमानतळावर नातवाच्या हातात शंभर रुपयांची नोट ठेवली आणि गेले. पुढच्या वर्षी कोविड आला, विमाने बंद झाली. ते तिकडे एकटे, आम्ही इकडे. दर रविवारी फोनवर मी एकच ऐकायचो, "मी बरा आहे. आज भेंडी निघाली."

म्हणजे माझ्या लेखी आप्पा डेगा होते. त्या शनिवारी रात्री मुलाने तेच नाव घेतले तेव्हा मात्र मला ते बोलणे सहन होईना. आप्पा भित्रे नाहीत. ज्या माणसाने स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर शेतीचे कर्ज फेडून मला सुटकेस घेऊन दिल्या, तो भित्रा कसा? ते इथे येऊ शकत होते, आले, बघितले, आणि त्यांनी परत जायचे ठरवले. आमच्या सबडिव्हिजनमध्ये त्यांना भिंती दिसत नव्हत्या, पण चालत जावे असे ठिकाणही दिसत नव्हते. दुपारी बोलायला कोणी नाही. गाडी चालवता येत नाही. तुरुंग कोणाचा कुठे असतो हे बाहेरून सांगता येत नाही.

आणि मी? आप्पा थांबले ते ठरवून. मी थांबलो ते न ठरवता. चित्रपटातला डेगा या दोहोंपैकी कोणता, हे जुना चित्रपट सांगत नाही. हॉफमन पाठ फिरवून चालायला लागतो आणि आपण ठरवत बसतो. कोणी सुटले की नाही याचे उत्तर उडीत नसावे. आपण जिथे आहोत तिथे आपल्या मर्जीने आहोत का, या प्रश्नाला रोज सकाळी काय उत्तर देतो, त्यात ते असावे. हे मला कळायला दोन चित्रपट आणि एक आगाऊ मुलगा लागला.

आता आपल्या मंडळाकडे येतो, कारण हा लेख स्मरणिकेसाठी आहे आणि संपादकांचे दोनदा ईमेल येऊन गेले आहे. दर वर्षी हायस्कूलच्या कॅफेटेरियात आपण गणपती बसवतो. मिरवणूक पार्किंग लॉटमधून निघते, ढोल ताशाचे पथक आपल्या पोरांचे. आणि दर वर्षी आपल्यातला कोणीतरी, बहुतेक वेळा मीच, मोदक खाता खाता म्हणतो की याला पुण्या-सांगलीची सर नाही. पोरांचे मराठी ऐकून आपण हसतो. 'मी तुला मिस केली' असे म्हणाला म्हणून चिरंजीवांना आम्ही महिनाभर चिडवले होते. आपण त्यांना मूळ प्रतीशी ताडून बघतो, आणि ती मूळ प्रत असते आपण निघालो त्या दिवशीची. तिकडचे गणपतीही आता तसे राहिलेले नाहीत हे सोयीस्करपणे विसरतो. रिमेकला लावलेले माप आपल्याच मुलांना लावतो, आणि मग ती हरली म्हणून हळहळतो.

माझ्या मुलाचा पॅपिलॉन वेगळा आहे, त्याचा गणपती वेगळा आहे. त्याने आमच्यासारखे दिसावे ही अपेक्षा मी सोडायचा प्रयत्न करतोय. पण आयुष्याचे काय करतोस, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला विचारावा, ही अपेक्षा सोडणार नाही. त्याने तो मला विचारला, तेव्हा निम्मे काम झालेच म्हणायचे.

त्या रविवारी आप्पांना फोन केला. सहा वर्षे मनात राहिलेले बोलायचे होते. म्हणालो, "आप्पा, तेव्हा मी भीती वगैरे बोललो, ते चुकलं माझं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "कधी बोललास? माझ्या लक्षात नाही." लक्षात होते, हे आवाजावरून कळले. मग त्यांनी विचारले, "तुझं कसं चाललंय कामाचं?" नेहमी मी 'मस्त' म्हणतो. या वेळी म्हणालो, "फार बरं नाही. बदलावं म्हणतोय." ते म्हणाले, "मग बदल की. तुला कोणी धरलंय?"

अजून बदललेली नाही. तीन ठिकाणी अर्ज केले आहेत, दोन ठिकाणांहून नकार आला आहे. उडी घेतली असे सांगायला मला आवडले असते, पण स्मरणिकेत खोटे लिहू नये. सध्या इतकेच की पोती भरून तयार आहेत आणि मी लाटा मोजतो आहे.

नाताळच्या सुट्टीत 'दो आँखें बारह हाथ' बेसमेंटमध्ये लावणार आहे, सबटायटल्ससह. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, मुलांना आणावे. चहा आणि आमच्या मेथीचे ठेपले मिळतील. आणि गणपतीत जेवणाच्या रांगेत भेटलो की जरूर सांगा: तुमच्या मते डेगा भित्रा होता का? आमच्या घरी या प्रश्नावर अजून एकमत झालेले नाही.